तीन वकील, तीन उत्तरे: पोटगी, न वटलेला चेक आणि परदेशी नोकरीचा एजंट

तासगाव तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची बहीण तीन वर्षांच्या मुलासह चौदा महिन्यांपासून माहेरी आहे. मेहुणे दुबईला नोकरीस असून पहिले चार महिने त्यांनी पैसे पाठवले, त्यानंतर बंद केले, आणि आता फोनवर ‘इकडूनच घटस्फोट घेतो’ असे सांगतात. याच मेहुण्यांनी ओळख करून दिलेल्या पुण्यातील एका एजंटाला या तरुणाने दुबईतील नोकरीसाठी १ लाख ८० हजार रुपये दिले. त्यांपैकी १ लाख २० हजार बँकेतून आणि ६० हजार रोख. नोकरीऐवजी फक्त पर्यटक व्हिसा हातात आला, पासपोर्ट एजंटाकडेच राहिला, आणि फार मागे लागल्यावर त्याने दिलेला दीड लाखाचा चेक गेल्या महिन्यात वटला नाही. तीन वकिलांना विचारले तर एकाने सासरच्यांवर छळाची फिर्याद द्यायला सांगितले, दुसऱ्याने ग्राहक आयोगात जायला सांगितले, तिसऱ्याने बसून मिटवा म्हटले. यांतले कोणाचे खरे, आणि खर्च किती येईल, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी सांगलीत गेली सव्वीस वर्षे वकिली करते आणि त्यांतली बरीच वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की तिन्ही वकील चुकलेले असतीलच असे नाही. बहुधा तुम्ही प्रत्येकाकडे गेलात तेव्हा ज्या गोष्टीचा राग त्या दिवशी वर होता ती आधी सांगितलीत, आणि ऐकणाऱ्याने तेवढ्यापुरते उत्तर दिले. मेहुण्यांनीच एजंट गाठून दिल्यामुळे तुमच्या मनात हे एकच भांडण झाले आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र बहिणीचा निर्वाह, चेक आणि एजंटाची फसवणूक ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. प्रत्येकाचे कोर्ट आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाची मुदत निराळी आहे. म्हणून ‘कोणती केस करू’ याआधी ‘कशाची मुदत आधी संपते’ हे पाहावे लागते.

सर्वांत आधी संपते ती चेकची, त्यामुळे तिथून सुरुवात करते. चेक न वटल्याचा मेमो बँकेकडून तुमच्या हाती आला किंवा त्याची माहिती तुम्हाला मिळाली, तेव्हापासून ३० दिवसांच्या आत एजंटाला लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. त्याला नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात, आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला थोडा उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचे ३० दिवस हुकले तर मात्र त्या मेमोपुरता दरवाजा बंद होतो. चेकवरील तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो आणि त्यापासून ३० दिवस नव्याने मोजले जातात. तुम्ही ‘गेल्या महिन्यात’ एवढेच लिहिले आहे. माझ्यासाठी या संपूर्ण प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच न लिहिलेली तारीख आहे.

काही वर्षांपूर्वी द्राक्षाच्या व्यवहारातला सव्वादोन लाखांचा चेक घेऊन मिरज तालुक्यातील एक बागायतदार माझ्याकडे आले होते. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद नीट घड्या घालून आणलेले होते, चेक प्लास्टिकच्या पाकिटात होता, आणि मेमो एकेचाळीस दिवसांपूर्वीचा होता. व्यापारी रोज ‘सोमवारी देतो’ म्हणत होता आणि त्या एकेचाळीस दिवसांत पाच सोमवार येऊन गेले होते. चेकवरील तारखेला तीन महिने व्हायला सहा दिवस उरले होते म्हणून आम्ही तो पुन्हा भरला आणि वाचलो. ते सहा दिवस नसते तर साध्या वसुलीच्या दाव्याशिवाय हाती काही राहिले नसते.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी, तीत चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि मेमोतील कारण लिहावे, आणि मागणी चेकच्या रकमेचीच स्पष्टपणे करावी. उरलेल्या ३० हजारांची मागणी याच नोटिशीत केली तर ती स्वतंत्र परिच्छेदात, वेगळी दाखवून लिहावी. सगळे एकत्र करून ‘१ लाख ८० हजार द्या’ असे लिहिलेल्या नोटिशीवर पुढे वाद उभा राहतो. ही तक्रार पुण्याला जाऊन करावी लागत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुम्ही ज्या शाखेतील आपल्या खात्यात चेक भरला तिथल्या कोर्टात ती चालते, म्हणजे खाते तासगावला असेल तर तासगावला.

आता एजंट. परदेशात नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी कोणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच आहे. तुमच्याकडून १ लाख ८० हजार घेतले, ही रक्कमच तुमच्या बाजूचा पुरावा आहे. यादीत त्याचे नाव नसेल तर नोंदणीशिवाय भरती करणे हा वेगळा गुन्हा होतो. नोकरीचे आश्वासन देऊन पर्यटक व्हिसा काढणे ही या धंद्यातली जुनी रीत आहे. त्या व्हिसावर तुम्ही विमानात बसला नाहीत, ही खरे तर तुमची सुटका झाली, कारण तिकडे पकडला जाणारा एजंट नसतो, कामगार असतो.

पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा’ असे ऐकावे लागण्याची शक्यता आहे. नुसते पैसे परत न देणे म्हणजे फसवणूक नव्हे, हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच आहे. पहिल्या दिवसापासून खोटे सांगून पैसे काढले, हे दाखवावे लागते. त्यामुळे अर्जात ‘पैसे देत नाही’ यावर भर न देता, कोणत्या तारखेला कोणत्या कंपनीची, कोणत्या पगाराची नोकरी सांगितली आणि प्रत्यक्षात काय निघाले, यावर भर द्यावा. अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. दखल घेतली नाही तर तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. या पायऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यातही कायम आहेत.

दुसऱ्या वकिलांनी सुचवलेला ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली ती अशी की तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे एजंट पुण्याचा असला तरी तक्रार सांगलीत चालेल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. माझे मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात हा पहिला मार्ग नव्हे. एजंट ‘मी हे पैसे हातउसने घेतले होते’ असे म्हणाला आणि खोट्या कागदांचा, फसवणुकीचा गुंता पुढे आला, तर सखोल पुरावा लागणारे प्रकरण दिवाणी कोर्टात न्या, असे आयोग सांगू शकतो. परंतु चेकबाहेरच्या ३० हजारांसाठी आणि मनस्तापाच्या भरपाईसाठी हा मार्ग राखून ठेवावा, दोन वर्षांची तारीख लिहून ठेवावी, आणि तिथे गेलात तर चेकची तक्रार चालू असल्याचे अर्जातच नमूद करावे. एकच रक्कम दोन ठिकाणांहून वसूल करता येत नाही आणि लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला काहीच हरकत नाही.

पासपोर्टबाबत एक इशारा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. पैशाच्या वादापोटी तो अडवून ठेवण्याचा एजंटाला अधिकार नाही. तो परत करण्याची लेखी मागणी करा आणि पोलिसांच्या अर्जात त्याचा उल्लेख करा. पण कंटाळून ‘पासपोर्ट हरवला’ अशी नोंद देऊन नवा काढू नका. आमच्या भागात हा सल्ला फुकट देणारे पुष्कळ भेटतात. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणे हा तुमचा गुन्हा ठरतो, एजंटाचा नव्हे.

बहिणीच्या प्रकरणाकडे येण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नये. तुमच्या प्रश्नात तुम्हाला काय हवे, वडिलांना काय हवे, हे आहे. बहिणीला काय हवे याचे एकही वाक्य नाही. माझ्या कार्यालयात भाऊ आणि बहीण आले की पहिली वीस मिनिटे भाऊच बोलतो. मी त्याला कोपऱ्यावरून चहा सांगून यायला पाठवते आणि तेवढ्यात तिला विचारते. कित्येकदा तिला फिर्याद नको असते, नांदायचे असते. कधी नांदायचे मुळीच नसते, पण भावाच्या संसाराला ओझे नको म्हणून ती ‘जुळवून घेते’ म्हणत असते. यांतले काय आहे यावर पुढचे सारे अवलंबून आहे, आणि ते फक्त तीच सांगू शकते.

काहीही असले तरी निर्वाहाचा अर्ज थांबवू नये. नांदायला जायचे ठरले तरी तो मागे घेता येतो, पण उशिराने केला तर गेलेले महिने परत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिल्याप्रमाणे निर्वाह भत्ता अर्जाच्या तारखेपासून मिळतो, पैसे बंद झाल्याच्या तारखेपासून नव्हे. तुमच्या बहिणीचे दहा महिने असेच गेले आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील निर्वाहाच्या कलम १२५ च्या जागी आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात करता येतो. त्याच खटल्यातील निर्देशानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे दुबईचा पगार मेहुण्यांनाच सांगावा लागेल, आणि दडवला तर कोर्ट त्याचा विपरीत अर्थ काढू शकते. पहिल्या चार महिन्यांत जे पैसे आले त्या बँक नोंदी जपून ठेवा. माणूस किती पाठवू शकत होता हे त्या सांगतात. आदेश झाल्यावर एखाद्या महिन्याची रक्कम थकली तर तिच्या वसुलीचा अर्ज त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

याच्या जोडीला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ आहे. त्यासाठी मारहाणच झालेली असावी असे नाही. पत्नी आणि मुलाचा खर्च बंद करणे हा त्या कायद्यात आर्थिक छळ धरला आहे. स्त्रीधन परत मागणे, राहण्याची सोय, दरमहा रक्कम, हे सारे त्या एकाच अर्जात मागता येते. दोन्हीकडे रक्कम मंजूर झाली तर ती एकमेकींत वळती होते, म्हणून दुप्पट मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

वसुली कशी करायची, हा परदेशातील नवऱ्याच्या बाबतीत खरा अवघड भाग आहे आणि याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. त्यांच्या नावावर इकडे जमीन, घर, बँक खाते असेल तर त्यावर वसुली लावता येते. म्हणून तलाठ्यांकडून किंवा ऑनलाइन सातबारा आणि ८अ काढून त्यांचे नाव कुठे लागले आहे ते पाहा. जमीन केवळ सासऱ्यांच्या नावावर असेल तर तिच्यावर सरळ हात घालता येत नाही. काहीच नसेल तर समन्स आणि आदेश तिकडे पोहोचवणे आले. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात १९९९ साली दिवाणी बाबतीत परस्पर सहकार्याचा करार झालेला आहे, पण त्या वाटेने जायला वेळ लागतो. त्यांच्या कंपनीचे नाव, तिकडचा पत्ता आणि पासपोर्टची झेरॉक्स असेल तर काम बरेच सोपे होते. लग्नाच्या किंवा व्हिसाच्या कागदांत ती बहुधा सापडते.

‘इकडून घटस्फोट घेतो’ या धमकीला घाबरू नये, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न परदेशी कोर्टाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावर, पत्नीला खरी संधी न देता मोडले, तर तो निकाल इथे बंधनकारक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात सांगितले आहे. मात्र पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार आपणहून मान्य केला तर चित्र बदलते. म्हणून तिकडून आलेल्या कोणत्याही कागदावर, मोबाइलवर आलेल्या फॉर्मवरसुद्धा, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

पहिल्या वकिलांनी सुचवलेली छळाची फिर्याद, म्हणजे पूर्वीचे ४९८अ आणि आताच्या न्याय संहितेचे कलम ८५, ही छळ झाला असेल तरच द्यावी. तसा छळ झाला असेल तर ‘घरची अब्रू’ म्हणून ती दाबूही नये. तुमच्या हकिकतीत मात्र मला आतापर्यंत पैसे बंद केल्याखेरीज काही दिसले नाही. केवळ मेहुण्यांना परत आणण्यासाठी सासू, सासरे, नणंद सगळ्यांची नावे घालून दिलेली फिर्याद कोर्टात टिकत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलीस कारण नोंदवल्याशिवाय अटकही करत नाहीत. ‘फिर्याद दिली की पासपोर्ट जप्त होतो’ हा समजही चुकीचा आहे. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे, पोलिसांचा नाही, आणि तो फौजदारी कार्यवाही प्रलंबित असणे किंवा वॉरंट निघणे अशा कारणांवर वापरला जातो.

तिसऱ्या वकिलांचे ‘मिटवा’ हे बहिणीच्या बाबतीत अजिबात टाकाऊ नाही. फक्त मिटवायचे ते अर्ज दाखल करून, मध्यस्थी केंद्रात किंवा लोकअदालतीत. लोकअदालतीतील तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. गावातल्या बैठकीत शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेल्या कागदाला ते बळ नसते. असे कागद मी लॅमिनेट करून आणलेलेही पाहिले आहेत.

खर्चाबद्दल. बहिणीला वकील मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, ती नोकरदार असली तरीही. तासगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. निर्वाहाच्या कामी स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. तुम्हाला स्वतःला मात्र उत्पन्नाची मर्यादा लागू होईल. ती राज्यात वर्षाला ३ लाख आहे. खाजगी वकील दिलात तर फी टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या, पावती मागा, आणि केस दाखल झाल्यावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक घ्या म्हणजे ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख तुम्हालाच दिसेल. ‘वसुलीतले निम्मे माझे’ असा करार कोणी सुचवला तर नाही म्हणा. वकिलांच्या नियमांनुसार तशी फी घेता येत नाही.

चौथ्या वकिलाकडे जाण्यापूर्वी एका फुलस्केप कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे तारीख, उजवीकडे त्या दिवशी काय झाले ते एका ओळीत आणि त्याचा कागद कोणता. ‘त्याने फसवले’ असे कुठेही लिहू नका. ‘अमुक तारखेला बँकेतून ७० हजार पाठवले, पासबुकची नोंद’ असे लिहा. रोख ६० हजार कोणासमोर दिले त्याचे नाव लिहा. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका, फोन बदलू नका आणि विकू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या संदेशांसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला तर ते देणे सोपे जाते. बहिणीचा कागद वेगळा करा आणि तो तिला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या.

हे करायला दोन संध्याकाळी लागतील. त्याआधी, आजच, मेमोवरची तारीख बघा आणि चेकवरचीही. मेमोला ३० दिवस झाले नसतील तर उद्याच नोटीस पाठवा. झाले असतील आणि चेकला तीन महिने व्हायचे असतील तर उद्या बँक उघडताच तो पुन्हा भरा.